६९७ ते ४७५

टाटांच्या जुन्या मालमोटारी दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही मिस्त्रीला ‘सहाशे सत्त्याण्णव’ म्हणजे काय असे विचारले, तर तो हातातला पाना खाली न ठेवताच सांगेल, ट्रकचे इंजिन. ‘चारशे सत्त्याण्णव’ म्हणजे ४०७ या छोट्या ट्रकचे. ‘चारशे त्र्याऐंशी’ हे टाटा मोबाइल, सिएरा आणि सुमोचे. आणि ‘चारशे पंच्याहत्तर’ हे इंडिकाचे. हे आकडे लॉटरी काढून दिलेले नाहीत. त्यातला पहिला अंक इंजिनात किती सिलिंडर आहेत ते सांगतो आणि पुढचे दोन अंक सिलिंडरचा आतला व्यास किती मिलिमीटर आहे ते सांगतात. म्हणजे ४७५ याचा अर्थ चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर.

आठवीच्या वर्गात वृत्तचितीचे घनफळ शिकवताना याचा छान उपयोग होतो. इंडिकाच्या इंजिनात दट्ट्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ७९.५ मिलिमीटर सरकतो. व्यास ७.५ सेंटिमीटर, उंची ७.९५ सेंटिमीटर, एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ३५१ घन सेंटिमीटर. चारांचे मिळून १४०५. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ‘१४०५ सीसी’ असे छापलेले असे, ते हेच. बाकीच्या तीन इंजिनांत दट्ट्याची धाव अनुक्रमे १२८, १०० आणि ९० मिलिमीटर आहे. त्यांची घनफळे विद्यार्थ्यांनी काढावीत. उत्तरे ५६७५, २९५६ आणि १९४८ यांच्या जवळ यायला हवीत.

पण हे चार आकडे मी मुद्दाम या क्रमाने दिले, कारण ते कालक्रमानेही जवळपास असेच येतात. ६९७, ४९७, ४८३, ४७५. कंपनी वाढत गेली आणि आकडा घटत गेला! ट्रक बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या आराखड्यावर छोटी मोटार बनवण्यापर्यंतचा प्रवास या चार आकड्यांत आहे. ज्याला ट्रक बनवता येतो त्याला मोटार बनवणे सोपेच जाईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते तसे का नव्हते, हे या लेखात पाहू.

रेल्वे इंजिनापासून

टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे टेल्को, १९४५ मध्ये स्थापन झाली, ती नावाप्रमाणे रेल्वेची वाफेची इंजिने बनवण्यासाठी, जमशेदपूरला. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डायम्लर-बेन्झ कंपनीशी ट्रक बनवण्याचा १५ वर्षांचा करार केला. १९६९ मध्ये तो संपला तेव्हा ट्रकच्या नाकावरचा तारा जाऊन तिथे टाटांचे चिन्ह आले. ६९७ या इंजिनाची मापे डायम्लर-बेन्झच्या ओएम ३५२ या इंजिनाच्या मापांशी तंतोतंत जुळतात, यात म्हणूनच नवल नाही.

करार चालू असतानाच, १९६६ मध्ये, पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला दुसऱ्या कारखान्याची पायाभरणी झाली. त्या वेळी कंपनीची सूत्रे सुमंत मूळगावकर यांच्याकडे होती. माळरानावर त्यांनी हजारो झाडे लावून घेतली आणि तळे केले ही गोष्ट पुण्यात अनेकांनी ऐकलेली असते. १९९४ मध्ये आलेल्या ‘सुमो’चे नाव त्यांच्याच नावाच्या आणि आडनावाच्या आद्याक्षरांवरून पडले. माझ्या मते मात्र त्यांचा सर्वांत मोठा निर्णय झाडांचा नव्हता. पुण्यातून पहिले वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. मग मधली अकरा वर्षे तिथे काय चालले होते? यंत्रे बनवणारी यंत्रे, पत्रा दाबायचे साचे, भाग पकडून ठेवणारे जिग आणि फिक्श्चर हे सारे स्वतः बनवण्याची तयारी, वाहनांच्या संशोधनासाठी अभियांत्रिकी संशोधन केंद्र, आणि हे काम करू शकतील असे हात घडवणारे शिकाऊ उमेदवारांचे प्रशिक्षण. आधी टूलरूम, मग वाहन, असा हा क्रम होता. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात साचे बाहेरून आणणे अवघड होते हे खरेच. पण बाहेरून आणलेल्या साच्यातून फक्त तीच वस्तू निघते. साचा बनवायला येऊ लागला की नवी वस्तू मनात आणता येते.

(कारखान्याचा इतिहास केवळ यंत्रांचा नसतो. याच पुणे कारखान्यातल्या कामगारांचा १९८९ चा संघर्ष आणि शनिवारवाड्यावरचे त्यांचे उपोषण पुण्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे.)

१९८६ मध्ये ४०७ हा छोटा ट्रक आला, १९८८ मध्ये टाटा मोबाइल हे पिकअप वाहन, १९९१ मध्ये सिएरा, पुढे इस्टेट आणि सुमो. ही सारी ट्रकच्याच कुळातली होती: खाली मजबूत पोलादी सांगाडा आणि त्यावर ठेवलेली पेटी. त्यानंतर रतन टाटा यांनी मनात धरली ती मोटार वेगळीच होती. आत अॅम्बॅसडरइतकी ऐसपैस, बाहेरून मारुती झेनच्या जवळपास, डिझेलवर चालणारी आणि मध्यमवर्गाला परवडणारी. सुमारे १७०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प. बाह्यरूपासाठी इटलीतल्या तुरीनच्या एका रचनासंस्थेची मदत घेतली, पण मोटारीची घडण पुण्यातच झाली. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात इंडिका लोकांसमोर आली आणि वर्षअखेरीस नोंदणी सुरू झाली, तेव्हा थोड्याच दिवसांत लाखाहून अधिक लोकांनी ती मागितली.

लहान सिलिंडरची अडचण

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, तिच्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा जोराने दाबला की पंपाचे टोक गरम लागते, तेच हे. मोठ्या ट्रकच्या इंजिनात हवा सुमारे १७ पट दाबली जाते. उष्णता बाहेर अजिबात जात नाही असे धरले, तर २७ अंश सेल्सिअसची हवा सुमारे ६६० अंशांपर्यंत तापेल.

पण सिलिंडरच्या भिंती थंड असतात आणि उष्णता त्यांच्यातून निसटतेच. आता मोठ्या भांड्यातला चहा आणि कपातला चहा आठवा. कपातला लवकर निवतो, कारण त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो. सारख्या ठेवणीच्या दोन वस्तूंमध्ये हे गुणोत्तर लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ९७ मिलिमीटर व्यासाच्या जागी ७५ मिलिमीटर आले, की प्रत्येक घन सेंटिमीटर हवेमागे थंड भिंत सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. म्हणून छोट्या इंजिनात हवा जास्त दाबावी लागते. इंडिकाच्या पहिल्या इंजिनात ती सुमारे २२ पट दाबली जाई. वरच्याच आदर्श हिशेबाने तापमान ७६० अंशांवर जाते. तरीही थंडीतल्या सकाळी चावी अर्धी फिरवून समोरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावे लागे. तेवढ्या वेळात इंजिनाच्या माथ्यातली एक छोटी विजेची कांडी तापत असे.

दुसरी अडचण वेळेची. ट्रकचे इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्या करते तेव्हा दट्ट्या वर जायला १२ मिलिसेकंद लागतात. मोटारीचे इंजिन पाच हजार फेऱ्यांवर जाते, तिथे सहाच मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात डिझेलचे थेंब हवेत मिसळले पाहिजेत आणि जळले पाहिजेत. म्हणून फवारा थेट सिलिंडरमध्ये न मारता माथ्यातल्या एका लहान कोठीत मारला जाई, जिथे हवा भोवऱ्यासारखी फिरत असते. अशा रीतीने मिसळण काम जलद होते, पण कोठीच्या भिंती पुन्हा थोडी उष्णता खातात. एक सोडवावे तर दुसरे अडते, असा हा खेळ असतो.

असे असले तरी एक इंजिन, किंवा एक मोटार, नीट चालवून दाखवणे हा प्रश्नाचा निम्माच भाग आहे. चांगले कारागीर असतील तर हवा तेवढा वेळ घेऊन, कानशीने घासून, पुन्हा पुन्हा जुळवून एक उत्तम मोटार बनवता येते. खरा प्रश्न लाखाव्या मोटारीचा.

दर १६२ सेकंदांना एक

समजा, वर्षाला १ लाख मोटारी बनवायच्या आहेत. वर्षाचे ३०० दिवस आणि दिवसाला १५ तास काम धरले तर मिनिटे होतात २ लाख ७० हजार. म्हणजे दर २.७ मिनिटांनी, १६२ सेकंदांनी, एक मोटार साखळीच्या टोकाशी उभी राहिली पाहिजे. याचा अर्थ साखळीवरच्या प्रत्येक कामगाराकडे एका मोटारीसाठी १६२ सेकंद आहेत. एका मोटारीच्या जोडणीत सगळे मिळून १५ तासांचे हातकाम असेल, तर ते ९०० मिनिटांचे काम २.७ मिनिटांच्या तुकड्यांत वाटावे लागेल. सुमारे ३३० माणसे लागतील, आणि प्रत्येकाचा तुकडा जवळपास सारखा हवा. एकाला १७० सेकंद लागले तर बाकी सारे आठ आठ सेकंद थांबतील. ट्रकच्या साखळीवर हा अवधी बराच जास्त असतो. तिथे एखादा भाग बसत नसेल तर हातोडीने समजावायला वेळ असतो. इथे नसतो. भाग पहिल्याच प्रयत्नात बसला पाहिजे.

टेल्कोने या साखळीसाठी एक युक्ती केली. निस्सान कंपनीने ऑस्ट्रेलियातले मोटारींचे उत्पादन १९९२ मध्ये बंद केले होते. तिथली यंत्रसामग्री टेल्कोने विकत घेतली, तिचे भाग सुटे केले, जहाजाने पुण्याला आणले आणि पुन्हा उभे केले. नव्या यंत्रसामग्रीला लागले असते त्याच्या अगदी थोड्या हिश्शात हे काम झाले. जुने यंत्र उचलून आणणे यात कमीपणा मानणाऱ्यांना मला एवढेच सांगावेसे वाटते, की दुसऱ्याची साखळी वेगळ्याच मोटारीसाठी पुन्हा जुळवणे हे टूलरूम भक्कम असल्याशिवाय होत नाही.

आता भाग पहिल्याच प्रयत्नात का बसत नाहीत ते पाहू. मोटारीची पेटी सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची असते. पत्रा दोन साच्यांमध्ये ठेवून प्रचंड दाबयंत्राने दाबला की दार किंवा छत तयार होते. पण दाब सुटताच पत्रा किंचित मागे येतो. हे वर्गात दाखवता येते. तांब्याची तार पेन्सिलीभोवती गुंडाळून सोडा; ती जवळजवळ तशीच राहते. सायकलचा आरा तसाच वाकवून पाहा, तो चांगलाच उलगडतो. धातू जितका बळकट तितका तो जास्त परततो. म्हणून साचा हव्या त्या आकाराचा करून चालत नाही, थोडा जास्त वाकवणारा करावा लागतो. किती जास्त? ते पत्र्याच्या बळकटीवर अवलंबून. आणि इथेच गोम आहे. पोलादाचा प्रत्येक गुंडाळा मागच्यासारखाच असतो असे नाही. साचा तोच, यंत्र तेच, माणूस तोच, पण गुंडाळा बदलला की दाराची कड अर्ध्या मिलिमीटरने हलते. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आम्ही एकेक नमुना कुरवाळत असतो. असे गुंडाळ्यामागून गुंडाळे दररोज सांभाळणाऱ्यांचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

असे पाच भाग एकाला एक जोडले आणि प्रत्येकात अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे असेल, तर वाईटात वाईट अडीच मिलिमीटरची चूक साठेल. दाराची फट एका मोटारीत बोटभर आणि दुसरीत गायब, असे दिसेल. सुदैवाने चुका यदृच्छ असतील तर काही अधिक, काही उणे होऊन एकमेकींना खातात आणि बहुतेक वेळा एकूण चूक अर्ध्याच्या √५ पट, म्हणजे सुमारे १.१ मिलिमीटरच्या आत राहते. पण एखादा साचा झिजलेला असेल तर त्याची चूक नेहमी एकाच दिशेची असते. ती कोणी खात नाही.

एका ठिपक्याची गोष्ट

पत्र्याचे भाग जोडायची रीत म्हणजे स्पॉट वेल्डिंग. एका पेटीत असे तीन-चार हजार ठिपके असतात. दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांमध्ये दाबायचे आणि क्षणभर मोठी विद्युतधारा सोडायची. दहावीच्या पुस्तकातला ज्यूलचा नियम इथे जसाच्या तसा लागतो: उष्णता म्हणजे विद्युतधारेचा वर्ग, गुणिले रोध, गुणिले काळ. धारा १०,००० अँपिअर, रोध एका ओहमचा दहा हजारावा भाग, काळ ०.२ सेकंद, म्हणजे आपल्या घरच्या विजेची दहा आवर्तने. उष्णता निघते २००० ज्यूल. विभवांतर किती? धारा गुणिले रोध, फक्त १ व्होल्ट! दहा हजार अँपिअर ऐकून दचकलेल्या विद्यार्थ्यांना हे सांगायला विसरू नये.

दोन्ही पत्र्यांच्या मधोमध वितळणारा ठिपका असतो ५ मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे १ मिलिमीटर जाडीचा. त्याचे वस्तुमान जेमतेम ०.१५ ग्रॅम. एक ग्रॅम पोलाद तापवून वितळवायला साधारण १३०० ज्यूल लागतात, म्हणजे ठिपक्याला २०० ज्यूल पुरतात. उरलेली उष्णता आजूबाजूचा पत्रा आणि तांब्याच्या टोकांतून वाहणारे पाणी घेऊन जाते.

आता ही तांब्याची टोके हजारो वेळा दाबली जातात, तापतात, आणि अळंबीसारखी पसरत जातात. ६ मिलिमीटरचे टोक ७ मिलिमीटरचे झाले तर क्षेत्रफळ ३६ ला ४९ या प्रमाणात वाढते. तीच धारा जास्त जागेत विभागली जाते, आणि दर घन मिलिमीटरला निर्माण होणारी उष्णता धारेच्या घनतेच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती जवळपास निम्म्यावर येते. ठिपका बाहेरून अगदी पूर्वीसारखाच दिसतो. आत मात्र पोलाद वितळलेलेच नसते. पत्रे नुसते चिकटलेले असतात. अशी मोटार कारखान्यातून झोकात बाहेर पडते आणि सहा महिने खड्ड्यांतून गेल्यावर कुठेतरी खडखडू लागते. उपाय साधा आहे: टोक पसरलेले दिसल्यावर नव्हे, तर ठरावीक ठिपके मोजून झाले की ते घासून पुन्हा टोकदार करायचे, दिसो वा न दिसो. ‘चांगले चालले आहे तर हात कशाला लावा’ या आपल्या सवयीला हे अवघड जाते.

रंगाचे काम त्या मानाने निसर्गच सांभाळून घेतो. पेटी रंगाच्या मोठ्या हौदात बुडवतात आणि तिला ऋणाग्र करतात. पाण्यातले धनभारित रंगकण तिच्याकडे ओढले जाऊन चिकटतात. जिथे थर बसला तिथला रोध वाढतो, म्हणून प्रवाह आपोआप अजून उघड्या असलेल्या जागेकडे, अगदी पोकळ खांबांच्या आतसुद्धा, वळतो. सुमारे २० मायक्रॉनचा थर सगळीकडे सारखा बसतो. ब्रश हातात घेतलेल्या माणसाला हे कधीच जमले नसते.

हजारात एक

मोटारीत कारखान्यात बनलेले आणि बाहेरच्या शेकडो पुरवठादारांकडून आलेले असे किती भाग असतात? हिशेबासाठी २००० धरू. प्रत्येक भाग हजारात ९९९ वेळा निर्दोष असतो असे समजा. परीक्षेत कोणाला ९९.९ टक्के गुण मिळाले तर आपण पेढे वाटू. आता गणकयंत्रावर ०.९९९ ला स्वतःनेच गुणत जा. दहा भाग सगळे चांगले असण्याची शक्यता ०.९९. शंभर भागांची ०.९०. हजारांची ०.३७. दोन हजारांची ०.१३५. म्हणजे शंभरातल्या साडेतेरा मोटारीच पूर्ण निर्दोष! बाकी प्रत्येकीत काही ना काही. प्रत्येक भाग दहा हजारात एकदाच चुकेल इतका सुधारला तर निर्दोष मोटारी ८२ होतात, लाखात एकदा चुकेल इतका सुधारला तर ९८. मोटार चांगली होते ती अशी, एकेका भागाच्या मागे एकेक शून्य जोडत.

आणि या चुका आधी सापडत का नाहीत? समजा, चाचणीसाठी १०० मोटारी बनवून देशभर पळवल्या. हजारात एकदा येणारा एखादा दोष त्या शंभरांत एकदाही न दिसण्याची शक्यता किती? पुन्हा ०.९९९ चा शंभरावा घात, ०.९०. दहांतल्या नऊ वेळा तो लपूनच राहील. मग लाख मोटारी विकल्या जातात आणि शंभर घरांत तो एकदम प्रकट होतो. असे पाच-पन्नास दोष असले की वर्तमानपत्रांत पत्रे येऊ लागतात.

पहिल्या इंडिकांच्या बाबतीत तक्रारी आल्याच. गाडीचा आवाज फार, घडण कच्ची, बिघाड वारंवार. त्यातच ट्रकचा बाजारही मंदावला होता. २०००-०१ या वर्षी कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. ‘ट्रकवाल्यांनी मोटारीच्या भानगडीत पडायला नको होते’ असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. वरच्या हिशेबाकडे पाहिले तर त्या म्हणण्यात थोडे तथ्य होते. ट्रकचा गिऱ्हाईक किरकोळ खडखड मनावर घेत नाही, आणि ट्रकची संख्याही कमी. त्या सवयीने बनवलेल्या कारखान्याला हजारात एक हा दोष म्हणजे दोषच वाटत नाही. पण मोटार बनवायचे सोडून देणे हा त्यावरचा एकमेव उपाय नव्हता.

दुसरा उपाय अमेरिकेतल्या वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये एका कागदावर काढून दाखवला होता, आणि जपानी कारखान्यांनी युद्धानंतर तो मनापासून वापरला. दर तासाला पाच भाग उचलून मोजायचे, त्यांची सरासरी आलेखावर टिंब म्हणून मांडायची. नेहमीच्या चढउतारांवरून वर-खाली दोन रेषा आखलेल्या असतात. टिंबे दोन रेषांच्या मध्ये विस्कटलेली असली तर यंत्राला हात लावायचा नाही. टिंब रेषेबाहेर गेले, किंवा सात-आठ टिंबे एकाच दिशेने चढत गेली, की थांबायचे आणि कारण शोधायचे, मग भाग अजून ‘मापात’ असला तरीही. झिजणारा साचा, पसरणारे तांब्याचे टोक, बदललेला गुंडाळा हे सारे या टिंबांतून चूक होण्यापूर्वीच बोलू लागतात. हे कारखान्यात जमले तरी पुरत नाही. रबरी नळी बनवणाऱ्या लहान वर्कशॉपातही जमावे लागते. त्याला पैशापेक्षा वेळ लागतो.

२००१ मध्ये सुधारलेली इंडिका व्ही-२ आली आणि खपली. २००२ मध्ये तिच्यावरूनच इंडिगो बनली. २००३ मध्ये कंपनीचे नाव टाटा मोटर्स झाले (पुण्यात अजूनही ‘टेल्कोत आहे’ असेच म्हणतात) आणि हीच इंडिका काही काळ रोव्हरच्या नावाने ब्रिटनमध्ये विकली गेली. इंडिकाचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले.

पुढचा इतिहास वाचकांना बराचसा ठाऊक असेल. २००८ मध्ये नॅनो आली, तिचा कारखाना पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून जमिनीच्या आंदोलनानंतर गुजरातमधल्या साणंदला गेला, आणि २०१८ मध्ये तीही थांबली. २००८ मध्येच जग्वार आणि लँड रोव्हर या ब्रिटिश कंपन्या टाटांनी घेतल्या. पुण्याजवळ रांजणगावला फियाटबरोबर भागीदारीत कारखाना चालू झाला, साणंदचा फोर्डचा कारखाना २०२३ मध्ये टाटांकडे आला. २०२५ मध्ये ट्रकचा आणि मोटारींचा व्यवसाय दोन वेगळ्या कंपन्यांत विभागला गेला. आमच्या विषयाच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते ती २०१८ च्या डिसेंबरातली घटना: रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या मोटारीला ते प्रथमच मिळत होते. टकरीत पेटी किती नीट चुरगाळते हे त्या तीन-चार हजार ठिपक्यांवर अवलंबून असते, आणि चाचणी घेणारे चांगली निवडून ठेवलेली मोटार मागत नाहीत.

२०२० मध्ये नेक्सॉनचे विजेवर चालणारे रूप आले. तिला सिलिंडर नाही, दट्ट्या नाही, त्यामुळे ६९७ ते ४७५ ही मालिका तिथे संपते. पण एकसारखेपणाचा प्रश्न संपत नाही. तो बॅटरीत जाऊन बसतो. या बॅटरीत लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारचे घट असतात, एकेकाचे विभवांतर सुमारे ३.२ व्होल्ट. मोटारीला ३०० हून अधिक व्होल्ट लागतात, म्हणून सुमारे १०० घट एकसर जोडावे लागतात. एकसर जोडणीत सर्वांतून एकच धारा वाहते. शंभरांतल्या एकाची क्षमता पाच टक्क्यांनी कमी असेल, तर तो आधी रिकामा होतो आणि बाकी नव्याण्णवांत वीज शिल्लक असूनही गाडी थांबवावी लागते. म्हणून घट जोडण्यापूर्वी मोजून, सारख्याला सारखे निवडून लावतात, आणि पुढेही प्रत्येकाच्या टोकांमधले विभवांतर एक इलेक्ट्रॉनिक मंडल सतत पाहत असते.

हे वर्गात दाखवायला सोपे आहे. टॉर्चचे दोन नवे सेल आणि एक बराच वापरलेला सेल एकसर जोडून त्यांवर तीन सेलचा दिवा लावावा. व्होल्टमीटर आधी दिवा बंद असताना प्रत्येक सेलला लावावा, मग दिवा चालू असताना. बंद असताना तिन्ही आकड्यांत फारसा फरक दिसणार नाही. दिवा लागताच जुन्या सेलचा आकडा घसरू लागेल, आणि सेल पुरेसा संपलेला असेल तर थोड्या वेळाने काटा शून्याच्या पलीकडे, उलट्या बाजूला जाईल. तिथे पोहोचल्यावर दिवा लगेच बंद करावा, नाहीतर सेलमधून द्राव पाझरतो.